ओसाड बंगल्यातला देव

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे त्या उन्हाळ्यापर्यंत मला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. घराणं लिंगायत. अव्वा, म्हणजे माझी आई, पहाटे गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसे. मी मात्र शाळामास्तर झालो आणि गळ्यातला देव काढून देवळीत ठेवला. चार बुकं शिकली की माणसाला अशी शिंगं फुटतात. तेव्हापासून माझ्या देवावरही रोज अव्वाच पाणी घालायची.

त्या वर्षी, म्हणजे १९३० साली, सोलापुरात गोळीबार झाला, लष्करी कायदा आला आणि गल्ल्या ओस पडल्या. कुणी बार्शीकडे, कुणी मैंदर्गीकडे, जिकडे सोयरे तिकडे लोक निघाले. आम्ही मायलेकरं हिप्परग्याच्या तलावाजवळ एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात उतरलो. निघताना मी एक शहाणपणा केला. वाटेत झडती झाली तर चांदी जाईल, म्हणून अव्वाच्या गळ्यातली करडगी, म्हणजे इष्टलिंगाची चांदीची डबी, घरातच लपवली. देव कापडात गुंडाळून जुन्याच दोऱ्याने तिच्या गळ्यात बांधला. गाठ मारली ती बैलाच्या दाव्याला मारतात तशी, मला दुसरी येतच नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी अव्वा तलावावर अंघोळ करून आली, छातीवर हात नेला आणि मटकन खाली बसली. गळ्यात देव नव्हता, दोऱ्यासकट कुठेतरी काठाला गळून पडला होता.

आमच्यात देव हरवला तर सापडेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य. जंगमाकडून, म्हणजे आमच्या गुरूकडून, दुसरा घेता येतो म्हणतात, पण अव्वा ते ऐकेना आणि त्या दिवसांत जंगम तरी कुठे शोधणार? दिवसभर मी काठचा चिखल चिवडला. वैशाखातलं ऊन आणि सत्तरीची म्हातारी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची जीभ टाळूला चिकटायला लागली. मी तांब्या ओठांना लावला, तो तिने हळूच बाजूला सारला.

"ब्याड, आप्पा," ती म्हणाली. नको. "तू जेव जा. माजा राग न्हाय तुज्यावर."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्या शहाणपणापायी आईचा जीव चालला होता आणि हात जोडायला माझ्याकडे देवही उरला नव्हता.

तेव्हा माझ्या मनात पाप आलं. त्याच काठाने थोडं पुढे गेलं की साहेबलोकांची आणि गिरणीवाल्यांची हवा खायची जागा होती. लोक तिला होड्यांचा बंगला म्हणत. आम्हा सोलापूरकरांचा समुद्र तो तेवढाच, लहानपणी आम्ही लांबूनच तिथल्या रंगीत छत्र्या बघायचो. तिथल्या कुंपणालगतच्या फुलांच्या वाफ्यांना इष्टलिंगासारखेच काळे गुळगुळीत गोटे लावलेले असत, हे मला आठवलं. त्यातला एक आणायचा आणि सापडला म्हणून अव्वाच्या हातावर ठेवायचा. तिला हल्ली नीट दिसत नव्हतं.

बंगल्यावर चिटपाखरू नव्हतं. होड्या वाळूत उपड्या पडल्या होत्या. वेताच्या खुर्च्या पाण्याकडे तोंड करून तशाच मांडलेल्या, एकीवर कुणा बाईची टोपी राहिलेली. भरल्या ताटावरून उठावं तसे लोक उठून गेले होते. ज्यांच्या फाटकाशी उभं राहायची आमची छाती नव्हती, त्यांनाही आमच्यासारखंच पळावं लागलं, याचं मला बरं वाटायला हवं होतं. पण नुसती भीती वाटली. मी एक गोटा उचलून खिशात टाकला आणि तो गुंडाळायला पांढरं कापड मिळेल म्हणून आत शिरलो.

दिवाणखान्यात बोटभर धूळ होती. मधोमध एकच टेबल पुसलेलं. त्यावर चिनी मातीची बशी, बशीत अव्वाचा देव आणि देवावर मोगऱ्याचं ताजं फूल. शेजारी धुऊन घडी केलेलं कापड आणि तुटका दोरा. दोऱ्याला माझी ती बैलाची गाठ जशीच्या तशी होती. आयुष्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. जमिनीला डोकं टेकून किती वेळ पडून होतो, सांगता येत नाही. खिशातला गोटा मांडीला रुतत होता.

मागे पावलं वाजली. खांद्यावर पाण्याची घागर घेतलेला एक म्हातारा माळी दारात उभा होता.

"तुमचा हाय व्हय देव?" तो म्हणाला. "हितलं पानी आटलंय, म्हून मी तिकडं गोठ्याखाली भरायला जातो. काल सकाळच्याला घागर बुडवली तर गाळासंगं वर आला. कुनाचा तरी देव, मातीत कसा टाकावा? कोन येतंय का बगत हुतो."

मी विचारलं, "सगळे निघून गेले. मग झाडांना पाणी कुणासाठी घालता?"

त्याला माझा प्रश्नच कळला नसावा. घागर सावरत तो म्हणाला, "बंद कर म्हून कुनी सांगितलं न्हाय की."

मी धावतच गोठ्यावर आलो. अव्वाने देव तळहातावर घेतला, त्याच्यावर पाणी घातलं आणि तेच तीर्थ प्यायली. तिच्या गळ्यातून पाणी उतरताना पाहिलं आणि मला रडू आवरेना. खिशातला गोटा तिच्यापुढे ठेवून मी सगळं कबूल केलं. तिने तो चाचपून पाहिला.

"ह्यो बी काय वाईट न्हाय," ती म्हणाली. "पर दुसऱ्याच्या बागंतला हाय. जागंवर ठिवून ये."

ऊन उतरल्यावर मी तो वाफ्याच्या कडेला होता तिथे ठेवून आलो. माळीबाबा तेव्हाही पाणीच घालत होते.

घरी परतल्यावर मी देवळीतला देव काढून गळ्यात बांधला, गाठ या वेळी अव्वाकडून शिकून घेतली. कुणी याला योगायोग म्हणतं, मी वाद घालत नाही. आता अव्वा नाही. तिचे चार उन्हाळे मला जास्तीचे मिळाले, ते कुणी दिले हे मी जाणतो. शंका मात्र अजून येतात. पूजेला बसलं की कधी कधी वाटतं, पलीकडे कुणी आहे का, की बंगला रिकामाच आहे? मग मी देवावर पाणी घालतो. बंद कर म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही.