शिळं पाणी

पाणी फार स्वच्छ करूनही मासे मारता येतात. माझ्या सासरी मारले. हे मी पहिल्याच वर्षी भर ओसरीत बोलून दाखवलं, तेव्हा शेजारच्या बायकांनी तोंडाला पदर लावला, कारण नवी सून सासऱ्याला असं तोंडावर बोलते हे चांद्यात कुणी ऐकलं नव्हतं. बरं झालं, एकदा ऐकलं.

पेटी माझी होती. म्हणजे माझ्या वडिलांची. गडचिरोलीत त्यांचं बांगड्यांचं छोटं दुकान होतं आणि दुकानात लोखंडी पट्ट्यांची एक लांबट काचेची पेटी होती, बांगड्या मांडायची. पुढे डोळे अधू झाले, हिरवी बांगडी कोणती आणि निळी कोणती ते कळेना, म्हणून त्यांनी दुकान बंद केलं. पेटी मात्र घरी आणली. वैनगंगेवरचे नावाडी नावेच्या फटी बुजवतात तशी राळ वितळवून त्यांनी पेटीचे सांधे भरले, तळाशी नदीची वाळू पसरली, तलावातलं शेवाळ लावलं आणि माझ्यासाठी तीत मासे सोडले. पेटीवर एका तिवईवर बुडाशी भोक पाडलेला लहान माठ. माठात कोळसा आणि वाळू, भोकात चिंधीचा बोळा. पेटीतलंच पाणी लोट्यानं वरच्या माठात ओतायचं, ते गाळून थेंब थेंब पुन्हा पेटीत पडायचं. एवढंच गाळणं. वडील म्हणायचे, "माशाले घर पाह्यजे पोरी, दवाखाना नाई."

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी ते गेले. पाठवणीच्या वेळी भावानं विचारलं, काय देऊ? मी म्हटलं, ती पेटी. सगळे हसले. हसू देत. तणसात गुंडाळून ती बसच्या टपावर चढवली आणि चांद्यापर्यंत माझा जीव त्या टपावरच होता.

सासरे नगरपालिकेत आरोग्याच्या कामावर होते. साथीच्या दिवसांत गावोगावच्या विहिरींत लाल औषध टाकत फिरायचे. उंच, काटक, आणि पाण्याच्या बाबतीत असे कडक की पाहुणा आला तरी त्याच्या हातातला पेला आधी उजेडात धरून बघत. घरात पिण्याच्या पाण्याची तीन माठांची उतरंड होती: एकात गिट्टी, एकात वाळू, एकात कोळसा. तिन्हींतून उतरल्याशिवाय घोट कुणाच्या घशाखाली जात नसे. त्यांचा थोरला मुलगा लहानपणीच पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, गेला होता, हे मला लग्नानंतर कळलं. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

सासूबाईंचा नेम वेगळा, पण त्याच दिशेचा. घरात शिळं पाणी ठेवायचं नाही. रात्रीचं जे काही उरलं असेल ते पहाटे अंगणात ओतायचं, भांडी राखेनं घासायची, ताजं भरायचं. हा नेम आमच्या सगळ्या झाडीपट्टीत आहे, माझ्या माहेरीही होता. फक्त माहेरी पेटीला माफी होती. इथे नव्हती. दुसऱ्याच सकाळी मी उठून बघते तर मासे परातीत, पेटी राखेनं घासून लख्ख, वाळू उन्हात वाळत टाकलेली. दोन घागरी ताजं विहिरीचं पाणी पेटीत पडलं. संध्याकाळी दोन मासे पोट वर करून तरंगत होते.

सासऱ्यांनी लगेच निदान केलं. "पाणी साफ नाई म्हणून मेले."

पेटीवर दुसरा माठ चढला. मग तिसरा. त्यांनी भोकं मोठी केली, म्हणजे घागरीमागून घागर ओतलेलं ताजं पाणी भराभर गाळून निघेल, आणि खालचं तेवढं उपसून टाकत. वरून अशी धार लागली की बिचारे मासे काचेच्या एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, तोंड धारेकडे करून दिवसभर पोहत राहायचे आणि जागचे हलायचे नाहीत. आणखी मेले. मग तुरटी फिरली. जितके मासे मरत तितकं गाळणं वाढे, आणि जितकं गाळणं वाढे तितके मासे मरत. मी मासे विकणाऱ्या ढिवरणीकडून पुन्हा मासे घ्यायचे, लालसर पोटाचे, बोटाएवढे. तीही शेवटी म्हणाली, "बाई, खातेस का पाळतेस वं?"

दसऱ्याच्या सुमाराला सासऱ्यांनी फर्मान काढलं. "मेलेले जीव रोज घरातून काढनं बरं नाई. आता एक जरी मासा मेला, तं पेटी भंगारवाल्याले. सांगून ठेवतो."

नवऱ्याकडे बघितलं. तो जंगल खात्याच्या डेपोत कारकून होता. हजारो लाकडांची मोजणी छातीठोकपणे करणारा माणूस, पण वडिलांपुढे त्याच्या तोंडाला कुलूप. तो जोडे शोधायला लागला. तेव्हाच मी सुरुवातीला सांगितलं ते वाक्य बोलले, आणि तिथेच थांबले नाही.

"मामाजी, पेटी माह्या बापाची हाय. मरून राह्यले ते तुमच्या साफसफाईनं. शिवरातीच्या जत्रेपर्यंत कोनी हात लावाचा नाई. माह्या पान्यात एक जरी मेला, तं मी सोता नेऊन देतो भंगारात."

ते म्हणाले, "बरं. शिवरातीपर्यंत."

मी लागलीच पदर खोचला आणि दोन माठ खाली उतरवले. सासूबाई म्हणाल्या, अगं निदान त्यांची पाठ तरी वळू दे. मी म्हटलं, त्यांच्यासमोरच उतरवायचे आहेत.

एक माठ ठेवला, पण तो तरी किती वाहू द्यायचा? वडिलांनी ते कधी मापून सांगितलं नव्हतं, बोळा दाबायचे आणि माशांकडे बघायचे. मीही तेच केलं. बोळा सैल ठेवला की मासे कोपरा धरत. घट्ट ठोकला की काही दिवसांत पाण्याला कुबट वास येई आणि मासे वर येऊन तोंड उघडत. दोन्हींच्या मधे एक जागा होती. ती सापडेपर्यंत मी किती चिंध्या फाडल्या देव जाणे. पेटीच्या मानानं मासे जास्त झाले होते, तेही कळलं. निम्मे रामाळा तलावात नेऊन सोडले. मासे कमी केले की गाळणंही कमी लागतं, ही साधी गोष्ट, पण त्या घरात भर घालण्याशिवाय उपाय कुणाला सुचत नव्हता. माठातली वाळू धुवायची झाली तर पेटीतल्याच पाण्यात खळबळायची. आणि राखेला बंदी.

सासरे येता-जाता बघत. एकदा लोटा वर ओतताना त्यांनी मला धरलंच.

"तेच पानी?"

"तेच."

"खालचं काढून वर, अन् वरचं पुन्हा खाली? उष्ट्यात उष्टं?"

"हो. तेच त्याईले मानवते."

पाण्याला हिरवट झाक आली. शेजारणी मुद्दाम पेटी बघायला येऊ लागल्या आणि नाक मुरडून जाऊ लागल्या. सासूबाईंना लाज वाटे, मला वाटत नव्हती. मासे पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात फिरत होते. दिवाळी गेली, संक्रांत गेली. एकही मेला नाही.

महाशिवरात्रीला आम्ही सगळे मार्कंड्याच्या जत्रेला निघालो. सासरे गुडघ्यांमुळे घरी राहिले. निघताना मी त्यांना सांगितलं, "सकाळी एक लोटा, दिवे लागताना एक लोटा. बाकी पान्याले हात लावू नका." ते हूं म्हणाले. मला त्या हूंचा भरवसा वाटला नाही. वैनगंगेत उतरले, देवाला बेल वाहिला, पण डोळ्यांपुढे ती राखेची टोपली. सासूबाई म्हणाल्या, देवळात आली आहेस की पेटीत? मी खरं तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी परतलो तेव्हा दुपार होती. दारातूनच दिसलं. काच लखलखत होती. पाणी इतकं नितळ की पलीकडची भिंत दिसावी. वर तिन्ही माठ, धार धो धो. आणि मासे सगळे वर, तोंडं उघडी टाकून. एक तळाशी आडवा.

सासरे बाजूला घागर घेऊन उभे होते. सणाच्या दिवशी घरात शिळं पाणी राहू नये म्हणून त्यांनी सगळी भांडी रिकामी केली होती, घासली होती, आणि तो हात पेटीपाशी थांबला नव्हता. "पाह्य, कसं चकचकीत," ते म्हणाले, पण म्हणता म्हणताच त्यांचा आवाज खाली आला. माशांकडे त्यांनीही पाहिलं होतं.

"जुनं पानी कुठी टाकलं?"

"डोनीत. गाईसाठी."

मी परात घेतली, मासे उचलले आणि धावत मागे गेले. गाईनं निम्मं पाणी संपवलं होतं. तिचं तोंड बाजूला ढकललं आणि उरलेल्या त्या हिरव्या पाण्यात मासे सोडले. गाय रागावली. रागावू दे. दगडाच्या त्या डोणीवर वाकून मी बसून राहिले. बऱ्याच वेळानं एक खाली गेला. मग दुसरा. मग सगळेच.

आडवा पडलेला तेवढा वाचला नाही. त्याला पळसाच्या पानावर घेऊन मी ओसरीत आले आणि पान सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवलं. सासूबाई, नवरा, कुंपणापलीकडच्या बायका, सगळे बघत होते.

"एक मेला तं पेटी जाईन म्हनले होते न तुमी? हा तुमच्या पान्यात मेला, मामाजी. माह्या पान्यात एकबी मेला नाई. पेटी कुठी जानार नाई."

मला वाटलं, आता हात उगारतील. ते खाली बसले. त्या पानाकडे बघत, कुणाला सांगावं तसं नाही, असंच बोलले. "थोरला तहान लागली म्हनत होता. बैलगाडीत होतो. वाटेवरच्या तळ्याचं, बोडीचं गढूळ पानी, म्याच पाजलं त्या पोराले. माह्याच हातानं. तवापासून हा हात थांबत नाई."

सासूबाई आत निघून गेल्या. एवढ्या वर्षांत त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं असावं. तरी मी पेटी सोडली नाही. दया आली म्हणून हक्क सोडायचा, हे मला कधी जमलेलं नाही.

"त्याले साफ पानी पाह्यजे होतं, मामाजी," मी म्हटलं. "याईले नाई."

आणि लोटा त्यांच्या हातात दिला.

डोणीतलं पाणी आम्ही दोघांनी मिळून पेटीत आणलं. वरचे दोन माठ त्यांनीच उतरवले. पेटी त्या ओसरीत राहिली, पाण्याला झाक राहिली, शेजारणींची नाकं मुरडलेली राहिली. सासरे पुढे बरीच वर्षं होते. दिसेनासं झालं तरी सकाळी भिंत चाचपत पेटीपाशी यायचे, लोटा हातात धरून उभे राहायचे आणि आत हाक मारायचे.

"सूनबाई, किती टाकू?"

"एक लोटा, मामाजी. त्याच्यावर एक थेंब नाई."