दोघांनी मोजायचं माप

आमच्या घरात पोळीचीसुद्धा जाडी मोजली जाते. बाबा देवासच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात बत्तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. सांगलीकडून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. त्यांच्या टेबलावरून खराब तुकडा कधी पुढे गेला नाही, ही त्यांच्या मते त्यांची खरी कमाई. कारखान्यात एखादा गिअर मापात बसत नसला, तरी वापरणाऱ्या विभागाला तो हवाच असेल, तर एक चिठ्ठी भरतात. तिला डेव्हिएशन म्हणतात. दोष लिहायचा, कारण लिहायचं, वापरणाऱ्यानं आणि इन्स्पेक्टरनं सही करायची, की माल चालतो. बाबांनी अशी एकही चिठ्ठी कधी पुढे जाऊ दिली नाही. ते निवृत्त झाले तेव्हा जाडी मोजायचा व्हर्निअर घरी आला आणि पोळ्यांची पाळी आली.

मी गुरांची डॉक्टर. नोकरी तिरल्याला, खोली धारला, आणि शनिवार-रविवार देवासला आईबाबांकडे. आठवडाभर लोकांच्या म्हशींच्या पोटात हात घातल्यावर सुटीत माणसाला काहीतरी मोकळं लागतं. म्हणून मी एन्ड्युरो मोटारसायकल घेतली. ही गाडी रस्त्यासाठी नसतेच. उंच, हडकुळी, टायरांना मोठाले दात, आणि कोरडा नाला, दगड, चिखल यांवरून जायला लांबलचक शॉकअप. ती दारात उतरली तेव्हा आईनं पहिल्यांदा विचारलं, भाजीची पिशवी कुठे अडकवायची? शेजारचे काका फेरी मारून म्हणाले, "भिया, इसमें पीछे बैठने की जगे तो हेई नी." बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून गाडीभोवती तीनदा फिरले आणि आत जाऊन एक कोरी वही घेऊन आले.

वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी अट लिहिली. गाडी एकदा जरी पडली, तरी ती विकायची. आईनं साक्षीदार म्हणून सही केली. तिच्या माहेरचे लोक धार संस्थानात कारभारी होते, त्यामुळे लिहिलेलं मोडायचं नसतं हे तिला बाळकडूतच मिळालेलं. मीही सही केली. एन्ड्युरो चालवणारा पडत नाही असं जगात कुठेच होत नाही, हे मला माहीत होतं. पण गाडी दारात उभी असताना माणूस कशावरही सही करतो.

मग गाडी माझ्या मापाची करायचा समारंभ झाला. चालवणारा बसला की मागचा शॉकअप किती खाली दबतो, ते मोजायचं. तो शंभर मिलिमीटर दबला पाहिजे. कमी दबला तर गाडी दगडावर उडते, जास्त दबला तर बूड टेकून चालते. त्यासाठी स्प्रिंगवरची कडी फिरवायची. मी हेल्मेट, बूट, गुडघ्यांच्या ढाली असा सगळा जामानिमा चढवून भर दुपारी ओसरीत गाडीवर बसले. आईनं हँडल धरलं. बाबा खाली बसून टेपनं मोजायला लागले.

"हलू नकोस. श्वास घे, पण हलू नकोस," ते म्हणाले.

पाऊण तास मी घामानं निथळत बसले होते. बाबा कडी अर्धा फेर फिरवत, पुन्हा मोजत, मान हलवत, पुन्हा फिरवत. हे माप एकट्याला घेताच येत नाही, असं त्यांनी तेव्हा मला दोनदा सांगितलं. बसलेला माणूस खाली वाकला की वजन सरकतं आणि माप खोटं येतं. शेवटी शंभर भरले. त्यांनी ओसरीच्या भिंतीवर खडूनं कडीच्या फेऱ्यांचा आकडा लिहिला आणि टाकीवर हलकेच थाप मारली. मी जन्मले त्या वर्षी त्यांनी स्वतःची मोटारसायकल विकून स्कूटर घेतली होती, आईला मांडीवर बाळ घेऊन नीट बसता यावं म्हणून. हे मला आई सांगत असे. बाबांनी त्या गाडीचं नाव कधी काढलं नाही.

मी पडले. अर्थातच पडले. पहिल्यांदा कन्नौदच्या वाटेवर, एका कोरड्या नाल्यात, उभ्या गाडीवरून. खाली दगड आहे समजून पाय टेकला, तर दगडच नव्हता. गाडी हळूच आडवी झाली आणि मी तिच्यापेक्षाही हळू. दूरवर एक म्हातारी शेळ्या चारत होती. ती इतकी हसली की मलाही हसू आलं. दुसऱ्यांदा मुरमाच्या उतारावर आणि तिसऱ्यांदा एका कुत्र्याच्या कृपेनं. लागलं कधीच नाही, पण गाडीच्या प्लास्टिकवर ओरखडे आले. माझ्या बॅगेत गुरांच्या औषधांबरोबर येणारे स्टिकर पडलेले असत. ओरखडा तिथे स्टिकर, असा मी धर्मच काढला. एका बाजूला गाय आली, एका बाजूला म्हैस, मागे बोकड. बाबा दर रविवारी संध्याकाळी गाडी तपासून वहीत लिहीत, 'ठीक'. तिसऱ्या स्टिकरनंतर ते एवढंच म्हणाले की जनावरं जरा वाकडी लागली आहेत. आणि वहीत 'ठीक' लिहून पुढे गेले.

गेल्या हिवाळ्यात आई आठवडाभर धारला, तिच्या भावाकडे गेली होती. शनिवारी आम्ही मायलेकी एकाच बसनं देवासला आलो. चहा पिऊन मी गाडी बाहेर काढायला बसले आणि माझे पाय जमिनीला टेकेनात. एरवी दोन्ही चवडे टेकायचे, आज जेमतेम अंगठे. माणूस पस्तिशीला आखूड होत नाही. मी उतरून टेप आणला, पुन्हा बसले आणि तो आईला धरायला लावला. शॉकअप शंभरऐवजी ब्याऐंशीच दबत होता. कोणीतरी कडी आवळली होती. माझ्यापेक्षा बऱ्याच जड माणसासाठी.

मग मी गाडीभोवती फिरले. डाव्या बाजूला, म्हशीच्या खाली, एक चौथा स्टिकर होता. गोल, हिरवा, अगदी सरळ लावलेला. कारखान्यात पास झालेल्या मालावर लावतात तो ओकेचा. मी नखानं कड उचलली. खाली ताजा ओरखडा होता, आणि त्यात शेतातली काळी माती.

मला आधी हसू आलं. बाबा, अडुसष्टाव्या वर्षी, गुडघेदुखीचं तेल लावून, माझ्या गाडीवर! मग हसू विरलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात खराब मालावर ओके लावला नाही, त्यानं तो लावला होता. म्हणजे माझ्या गाय, म्हैस, बोकडांखाली काय आहे, हेही त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि आता हे उघड झालं तर वहीतल्या अटीप्रमाणे गाडी जाणार. मी स्टिकरची कड पुन्हा दाबून बसवली. गप्प राहायचं ठरवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर दोन चोर होते.

पण बाबांना गप्प राहता आलं नाही. रविवारी संध्याकाळी तपासणीच्या वेळी ते वही घेऊन आले, आणि गाडीकडे न बघता आईसमोरच म्हणाले, "बुधवारी गाडी पडली. मी चालवत होतो."

आईनं हातातली मेथी खाली ठेवली. कुठे लागलं, हा तिचा पहिला प्रश्न, आणि कोणाला विचारून, हा दुसरा. कुठेही लागलं नव्हतं. आई धारला असताना बाबा रोज सकाळी टेकडीमागच्या शेतवाटेवर जात होते. गाडी स्वतःच्या वजनाची करून घ्यायची आणि आल्यावर परत माझ्या आकड्यावर आणायची. बुधवारी पडल्यावर ओरखडा झाकायच्या नादात कडी फिरवायची राहिली, मग विसरली. आणि मुळात माप चुकलेलंच होतं, कारण एकट्यानं वाकून घेतलेलं. हे सांगताना त्यांना पडण्यापेक्षा जास्त लाज वाटत होती.

मग त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं. गाडी विकायची म्हणजे विकायची, ते म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. मला गाडीचं एवढं वाटलं नाही, पण त्यांनी आयुष्यात दुसरी मोटारसायकल अशी स्वतःच्या हातानं लिहून विकावी, हे मला सहन होईना.

मी गाडीवरची गाय काढली. मग म्हैस, मग बोकड. तिन्ही ओरखडे आईला दाखवले. तिनं कपाळाला हात लावला.

"बाबा," मी म्हटलं, "डेव्हिएशन भरू या."

वापरणाऱ्या विभागानं मागितलं तर इन्स्पेक्टरला विचार करावाच लागतो, असं काहीसं ते पुटपुटले. मग खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि पट्टीनं रेघा मारून चिठ्ठी आखली. दोषाच्या रकान्यात लिहिलं, चार वेळा पडली. कारणाचा रकाना इन्स्पेक्टरनं भरायचा नसतो, म्हणून पेन माझ्याकडे सरकवलं. मी लिहिलं, 'वापरणारे दोघे आहेत,' आणि खाली सही केली. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि सही केली. आयुष्यातली पहिली डेव्हिएशन. आईनं साक्षीदाराची सही करण्याआधी खाली एक ओळ वाढवली, गुडघ्यांच्या ढाली घातल्याशिवाय यांना किल्ली देऊ नये. मग ती मेथीकडे वळली. घरात असले दोन नग असल्यावर वेगळा नाटकसिनेमा कशाला हवा, असं ती मेथीलाच सांगत होती.

सोमवारी सकाळी धारची बस गाठायच्या आधी मी बाबांना सगळा जामानिमा चढवायला लावला. माझ्या ढाली त्यांच्या गुडघ्यांना अपुऱ्या पडल्या, त्या आईनं जुन्या ओढणीनं बांधली. ते गाडीवर बसले. दोन्ही तळवे पूर्ण टेकत होते. आईनं हँडल धरलं. मी टेप घेऊन खाली बसले. बाबा आपोआप वाकून टेपवरचा आकडा बघायला लागले.

"हलू नका, बाबा," मी म्हटलं. "श्वास घ्या, पण हलू नका."

ते ताठ बसले, समोर रस्त्याकडे बघत. मी कडी अर्धा फेर फिरवली, मोजलं, पुन्हा फिरवली. बस चुकणार हे दिसत होतं. तिसऱ्या खेपेला शंभर भरले. मी खडू घेतला आणि भिंतीवर माझ्या आकड्याशेजारी त्यांचा आकडा लिहिला.