घाण्याचा शनवार

आमच्या लाकडी घाण्याचा आवाज ज्यांनी ऐकला नाही, त्यांनी पनवेल पाहिलं असं मी मानत नाही. चिंचेच्या बुंध्याचं उखळ, त्यात तिरकी फिरणारी बाभळीची लाट, म्हणजे दांडगं मुसळ, आणि त्या दोघांचं जन्माचं भांडण. कर्र असा सूर लागला की उरण नाक्यावरचा ट्रेलरवाला आपलंच चाक जाम झालं समजून खाली उतरून बघायचा. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवायचं असतं तर पार लांबच्या जासईचा ट्रेलरवाला सांगितला असता.

घाणा माझ्याकडे आला शेजारच्या मामांकडून. मामा बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. त्यांचे आजे-पणजे तेल गाळायचे आणि शनवारी घाण्याला हात लावायचे नाहीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ असं नावच पाडलं होतं. मामांच्या वडिलांनी बैल काढून मोटार बसवली. मामांनी तर तेलाला बोटही लावलं नाही, बँकेत जन्म काढला. मुलं इस्राएलला गेली, नातेवाईक गेले, मामा मात्र पेन्शन आणि पपईच्या झाडासाठी इथेच राहिले. परसातली घाण्याची शेड मात्र त्यांना डोईजड झाली होती.

मी तेव्हा कंटेनर यार्डातली नोकरी सोडून घरी बसलो होतो आणि बायकोला स्वयंपाकातल्या चुका दाखवत होतो. तिनेच म्हटलं की घ्या ती शेड. तळोज्याच्या नव्या टॉवरांमधल्या माणसांना तेव्हा लाकडी घाण्याच्या तेलाचं वेड लागलं होतं. खिडकी उघडली की केमिकलचा वास, म्हणून निदान तेल तरी शुद्ध हवं, असा त्यांचा हिशेब.

मामांनी अट एकच घातली, तीही तोंडी. शुक्रवारी दिवेलागण झाली की घाणा थांबवायचा आणि शनवारी चांदण्या दिसेपर्यंत फिरवायचा नाही. मी म्हटलं, मामा, दिला शब्द.

शब्द देणं सोपं असतं. पण टॉवरवाल्यांना सुट्टी शनवार-रविवारी, आणि त्यांना तेल डोळ्यांदेखत काढून हवं. आम्ही पडलो ख्रिस्ती. रविवारी चर्च, त्या दिवशी दुकान उघडलं तर आमच्या मंडळीतल्या बायका माझं जिवंतपणी स्मरणगीत म्हणतील. शनवारही बंद, रविवारही बंद, मग घाण्यात काय कबुतरं पाळायची?

मी आमच्या पाळकसाहेबांना गाठलं. दहा आज्ञांतली चौथी, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा वार पाळायची, ती आपल्याला लागू आहे की नाही? पाळकसाहेबांना असा प्रश्न विचारणं म्हणजे धरणाची दारं उघडणं. त्यांनी मला उभं करून समजावलं की जुना शब्बाथ ही नुसती सावली होती, वस्तू आल्यावर सावलीला कोण धरून बसतो. प्रभू उठला तो रविवारी, म्हणून आपला दिवस रविवार. आणि प्रेषित पौलाने सणवारांवरून कुणी तुमचा न्याय करू नये असं स्पष्ट लिहून ठेवलंय. मी विचारलं, म्हणजे आज्ञा रद्द? ते म्हणाले, रद्द कशी होईल, ती रविवारी पाळायची.

झालं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आज्ञा जर शनवारची रविवारी सरकली, तर मामांची अटही तिच्याबरोबर सरकली. मी ख्रिस्ती माणूस, माझा शब्बाथ रविवारी, घाणा रविवारी बंद. शब्द पाळला की नाही?

हे मी मामांना त्यांच्या ओट्यावर बसून फार मुद्देसूद पटवून दिलं. ते पपई कापत होते. कापून झाली, बिया वेगळ्या केल्या, एक फोड माझ्या हातावर ठेवली.

“तुम्ही लोकांनी वार हलवलात, ठीक आहे,” मामा म्हणाले. “तुमचं देवाशी बोलणं झालं असेल. घाण्याशी कोण बोललं?”

मी हसलो. पपईही गोड होती.

आता बायकोबद्दल सांगायला हवं, कारण घाणा माझा असला तरी चालवायची ती. माझ्याकडे तोंडाचं काम. दाणे टाकणं, कडेला चढलेली पेंड हाताने खाली लोटणं, लाट कुठे आली ते नुसत्या आवाजावरून ओळखून हात मागे घेणं, हे सगळं तिचं. करकर डावीकडून आली की हात उजवीकडे. उखळात बघायचीसुद्धा नाही. आणि तिला त्या वर्षी झोप येत नव्हती. अंथरुणावर पडायची, डोळे छताला. डॉक्टरने तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाला, हिला आठवड्यातून एक अख्खा दिवस काहीही करू देऊ नका, नाहीतर ही उभ्या उभ्या झोपेल आणि कशात तरी पडेल. मी म्हटलं, रविवार आहे की. पण तिचा रविवार म्हणजे पहाटे पाळकसाहेबांच्या जेवणाचा रस्सा, मग संडे स्कूल, उपासनेत गायन, दुपारी महिला मंडळ आणि संध्याकाळी आजाऱ्यांच्या भेटी. रविवारी आमच्याकडे फक्त घाणा थांबायचा.

पहिल्या शनवारी सकाळी मी बटण दाबलं. मोटार सुरू झाली, पट्टा फिरला, लाट फिरू लागली. आवाज आला नाही.

कमी आला असं नाही. आलाच नाही. पाण्याखाली फिरावी तशी लाट फिरत होती. दाणे चिरडत होते, पेंड चढत होती, आणि शेडमध्ये इतकी शांतता की मला माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा राग आला. दाराशी गल्लीतली कुत्री येऊन उभी राहिली. भुंकली नाहीत, बसली नाहीत, आतही आली नाहीत. तेल आलं तेही पाण्यासारखं, वासच नाही त्याला. टॉवरवाले खूश झाले, म्हणाले अगदी रिफाइंडसारखं आहे. आता ह्या माणसांना मी काय सांगणार?

आपट्याचा एक म्हातारा तीळ घेऊन आला होता. उंबऱ्याबाहेरच थांबला, कान दिला आणि गोणी पुन्हा खांद्यावर घेतली.

“आज नको,” तो म्हणाला. “फिरतो हाय, पन बोलत नाय. असल्याचं तेल आमी खानार नाय.”

पाळकसाहेबांना मी प्रार्थनेला बोलावलं. त्यांचा आवाज असा की ते चर्चमध्ये ‘हे प्रभू’ म्हणाले की वडाळे तळ्यातली बदकं माना वर करतात. शेडमध्ये त्यांनी हात पसरले, तोंड उघडलं आणि त्यांचे शब्द ओठांपासून हातभरावर कुठेतरी पडून गेले. आमेन भिंतीपर्यंत पोचलंच नाही. त्यांनी एकदा घसा खाकरला, तेही ऐकू आलं नाही. मग कसल्यातरी कामाची आठवण होऊन ते लगबगीने निघाले. बाहेर आल्यावर म्हणाले, बेअरिंगला ग्रीस जास्त झालंय. ग्रीस आम्ही घातलंच नव्हतं.

असे काही शनवार गेले. गिऱ्हाईक वाढलं, मी फुशारलो, आणि बायकोच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं हनुवटीकडे निघाली. ती म्हणायची, अहो, शनवारी मला ह्याचा अंदाज येत नाही. मी म्हणायचो, बघून काम कर. ती म्हणायची, बघायला डोळे उघडे लागतात.

मग ती दुपार आली. ऊन होतं, रस्ता रिकामा. मी दारात एका जोडप्याला सांगत होतो की ह्याच घाण्याने एकदा चुकून पडलेल्या दगडातून पावशेर तेल काढलं होतं. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या, मग माझ्या खांद्यावरून आत बघू लागल्या, आणि त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं.

मी वळलो. बायको चालत होती.

शेडच्या जमिनीत घाण्याभोवती एक गोल चर आहे, बैलांच्या पिढ्यांनी पाडलेला. त्या चरातून ती चालत होती, लाटेच्या मागे, डोळे मिटून, मान जरा खाली घालून, बैल चालतो तशा चालीने. पदराचं टोक उखळात गेलं होतं आणि दर फेऱ्याला पदर आखूड होत होता. चेहऱ्यावर भीती नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी धावलो, बटण बंद केलं. मोटार थांबली, पट्टा सैल पडला. लाट थांबली नाही.

मी ह्या लेखात काही गोष्टी ताणून सांगितल्या असतील, माझी तशी ख्याती आहे. ही नाही. पट्टा सैल होता आणि लाट फिरत होती. मी लाटेला दोन्ही हातांनी मिठी मारली, तिने मला मांजराच्या पिल्लासारखं सोबत ओढलं.

तेवढ्यात मामा आले. शनवारची पांढरी टोपी, पांढरा सदरा. हा माणूस शनवारी गॅस पेटवत नाही, पंख्याचं बटण दाबत नाही, पपईसुद्धा आदल्या दिवशी कापून ठेवतो. त्यांनी गोण्यांवरचा शिवण उसवायचा सुरा उचलला, चरात उतरले, बायकोच्या बरोबरीने दोन पावलं चालले आणि खांद्यापाशी पदर सर्रकन कापला. कापलेला तुकडा उखळात गेला. मग त्यांनी लाटेवर हात ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि ती थांबली.

बायकोने डोळे उघडले. तिचा पहिला प्रश्न माझ्यासाठी नव्हता.

“पुढे कोण होतं?” ती म्हणाली. “मी कुणाच्या तरी मागे चालत होते.”

मामांनी लाटेवरचा हात काढून घेतला. मला काहीतरी बोलणं भाग होतं म्हणून मी म्हटलं, मामा, माझ्यापायी तुमचा शनवार मोडला.

“जीव वाचवताना शनवार मोडत नाही,” मामा म्हणाले. “तेल काढताना मोडतो.” सुरा जागेवर ठेवून ते घरी गेले.

पाळकसाहेबांना बातमी कळली, ते भेटायला आले. बायको खाटेवर बसली होती, झोप अजून नाहीच. मी त्यांना सांगितलं की घाणा आता शनवारी बंद. ते सावधपणे म्हणाले की बंद ठेवा, पण नियमशास्त्राच्या जोखडाखाली पुन्हा मान देऊ नका, शब्बाथ पाळून कुणाचं तारण होत नाही. मला ते पटलं, अजूनही पटतं. प्रभूने स्वतः शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला, तेव्हा वार धरून बसणाऱ्यांचीच तोंडं वाकडी झाली होती. पण बायकोने मध्येच विचारलं की मग विसावा घ्यायचा तो दिवस कुठला? पाळकसाहेब म्हणाले, रविवार, अर्थातच रविवार.

“चालेल,” ती म्हणाली. “मग ह्या रविवारपासून आम्ही तुमच्याकडे जेवायला येतो. गायन आणि संडे स्कूल कोण घेणार तेही सांगा.”

पाळकसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग, आणि हे त्यांच्या मोठेपणाचं सांगतो, ते हळूच म्हणाले की बाई, तुम्ही शनवारच घ्या.

पुढच्या शनवारी मी पट्टाच काढून भिंतीला टांगला. शेडमध्ये गारवा असतो म्हणून बायकोने घाण्याच्या पायाशी चटई टाकली. मी दारात स्टूल घेऊन बसलो. आलेल्या गिऱ्हाइकांना परत पाठवायचं हे माझं काम, आणि चहा करायचा तोही मीच. थोड्या वेळाने मागून श्वास ऐकू आला. संथ, खोल, लांबलचक. कितीतरी महिन्यांनी ती झोपली होती. मला एवढं बरं वाटलं की एका टॉवरवाल्याला मी खोटं न बोलता परत पाठवलं.

उन्हं कलली. मी घरात जाऊन चहा ठेवला, कप भरून परत येतो तर बायको शेडच्या बाहेर, पायरीवर बसून केस बांधत होती. चेहरा धुतल्यासारखा. किती झोपले हो मी, म्हणाली, आणि कप घेतला. मी तिच्याशेजारी बसलो.

आत श्वास चालूच होता. तसाच संथ. आत जाताना थोडा करकरत होता, बाहेर येताना नाही.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने कप ओठांपासून खाली घेतला. वळून बघायला निघालो तर तिने माझं मनगट धरलं, आणि घरात पाहुणे निजलेले असताना बोलतात तशा आवाजात म्हणाली,

“दार हळू लावा. उठवू नका.”