बेबीमामींचा समोरचा दात

बेबीमामी आमच्याकडे चहाला आल्या की आधी रिकामा कप उलटा करून त्याचं बूड बघायच्या, मगच त्यात चहा ओतू द्यायच्या. "बूड पाह्यलं की घर समजते," असं त्यांचं म्हणणं. आर्वीत त्या आमच्या शेजारी राहत. त्यांच्या ओट्यावर वाळत घातलेली पितळेची भांडी अशी लखलखत की रस्त्यावरचा माणूस डोळ्यांवर हात धरून जाई. ही सगळी करामत गोवरीच्या राखेची. तीच राख वस्त्रगाळ केली की मामींच्या दातांना.

मी दातांची डॉक्टर. सुपारी फोडताना मामींच्या समोरच्या दाताचा कोपरा उडाला तेव्हा त्या माझ्या खुर्चीत बसल्या आणि फर्मान सोडलं, "काढाचा नाई. तिच्यावानी मले करू नको." ती म्हणजे नाचणगावची त्यांची थोरली जाऊ. तिला कवळी होती. शेत, घर, नातवंडं, सगळ्यात जाऊबाई वरचढ. मामींकडे जास्त होतं ते एकच, तोंडातले दात. "तिचे दात राती गिलासात झोपतेत," हे त्या प्रत्येक लग्नाच्या मांडवात, जाऊबाईंना नेमकं ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात सांगायच्या.

मी दाताच्या रंगाचं सिमेंट भरून कोपरा उभा केला. मामी आरशात बघून खूश. "कुठी भरलं तेच समजत नाई वं!" पण वर्ष सरायच्या आत परत आल्या. कोपरा पिवळा, खरखरीत, कडेला चिकट थर. मी समजावलं, की हे सिमेंट गुळगुळीत असतं तोवर जंतूंना धरायला जागा सापडत नाही. राखेनं ओरखडे पडले की ते तिथंच ठाण मांडतात आणि मग खालचा खरा दात किडतो. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मंग जंतू बसले त अजून घासाले नको काय?"

मी पॉलिश करून दिलं, मऊ ब्रश दिला. त्या ब्रशानं मामींनी देवघरातली समई साफ केली. दातावर डाग दिसला की त्या घासत, घासला की तो खरखरीत होई, आणि खरखरीत झाला की आणखी डाग धरी. स्वच्छतेपायी किडलेला दात मी जन्मात तेवढा एकच पाहिला. पुढच्या खेपेला कीड कडेनं आत शिरली होती. मी चिडून म्हटलं, "मामी, आता राख लावलीत तर कवळीच. कुठली चांगली ते जाऊबाईंना विचारू." त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

शेवटी मीच त्यांच्याकडे गेले. रागातही त्यांनी पाणी दिलं, चकचकीत लोट्यातून. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कुठला हो हा?"

"माह्या बापानं देला, लग्नात. नाव कोरेल हाय ना त्याचं, पाह्य."

मी पाहिलं. लोट्यावर एक अक्षर नव्हतं. मामींनी चष्मा लावला, लोटा उजेडात फिरवला, पदरानं पुसला, बोटानं चाचपला.

"मीच घासून राह्यली वं याले रोज," त्या म्हणाल्या. "बापाचं नाव मीच पुसलं." मला त्यांच्याकडे बघवेना. दाताचं बोलायला गेले होते, ते राहूनच गेलं.

बोलायची गरजही उरली नाही. दुसऱ्या दिवशी मामी आपणहून खुर्चीत येऊन बसल्या. कीड काढता काढता जवळजवळ अर्धा दात गेला, तेवढं मी नवं सिमेंट भरलं. राख सुटली, मऊ ब्रश आला, दर दिवाळीआधी पॉलिश. लोटा काळा पडत गेला. "राहू दे, थकला तो," म्हणायच्या. आमच्या कपांची बुडं तपासणं मात्र सुटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामी गेल्या. नाचणगावहून जाऊबाई आल्या. तुळशीपत्र ठेवायला वाकल्या आणि मामींचे ओठ बाजूला करताच तशाच थांबल्या.

"सारे दात आपलेच घेऊन चालली," त्या रडत म्हणाल्या. "जितली वं, जितली माही जाऊ."

त्या समोरच्या दाताचा चांगला अर्धा भाग माझा होता. मी ओढणी तोंडाशी धरली आणि गप्प राहिले.