पिंपरी पेंढारचं केंद्रक

पिंपरी पेंढारचे भगवंत मास्तर निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रक झाले. चौतीस वर्षं त्यांनी आम्हा पोरांना कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. "मधला ठिपका म्हणजे केंद्रक. हुकूम तिथून सुटतात. भोवतीचं पेशीद्रव्य राबतं." तो ठिपका म्हणजे आपणच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मधल्या खोलीत ते बसले ते बसलेच. खोलीला मोरी होती म्हणून हे शास्त्र टिकलं. कांद्याला पाणी कधी, लोणच्याला मीठ किती, सगळं एका जाड वहीत. वही बाहेर काढायची नाही. लागेल तेवढ्या ओळीची नक्कल चिठ्ठीवर करून खिडकीतून स्वयंपाकघरात सरकवायची. तिकडे बायको ठकूबाई, म्हणजे पेशीद्रव्य. तिनं खिडकीशी भांडं वाजवलं की मास्तर वहीचं पुढचं पान उघडत. गाव हसायचं. मला मात्र संताप यायचा, कारण घर खरोखर बिनबोभाट चालायचं.

अशी अकरा वर्षं गेली. परवा ठकूबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी गाडी घेऊन गेलो. मास्तर हलेनात. खिडकीतून चिठ्ठी आली. ठकूबाईनं ती माझ्या हातात दिली.

"वाच रे चांगदेवा. मला वरीसभर काय दिसतच न्हाई."

मी वाचली. "केंद्रक बाहेर पडत नसतं. तू जाऊन ये."

मास्तर खिडकीशी आले. "वर्षभर दिसत नाही? मग माझ्या चिठ्ठ्या?"

"चुलीत."

"मग घर कसं चाललं गं?"

"रक्तातल्या लाल पेशीला केंद्रक नसतं, तरी ती एकशे वीस दिस चालती. शिकवणीच्या पोरांना तुमीच सांगत व्हता, मी भाकरी थापताना ऐकत व्हते. मी तिच्या तिप्पट चालले. आता दमले. डोळ्यात सुरी घालणारेत, अहो. लई भ्या वाटतं मला."

मग कडी निघाली. वही बगलेत मारून मास्तर उंबऱ्यात उभे राहिले आणि भराभर पानं चाळू लागले. वहीत मीठ होतं, पाणी होतं. चपला कुठं आहेत, ते नव्हतं.

ठकूबाई भिंत चाचपत गेली आणि चपला घेऊन आली. अकरा वर्षांनंतरही त्यांच्यावर धुळीचा कण नव्हता.