मध्यवर्ती म्हणजे कुठली?

देशाच्या मध्यवर्ती बँकेला कोल्हापुरात दार नाही. दार नाही म्हणजे दारात उभं राहून ओरडायची सोय नाही. तहसीलदाराला दार आहे, वीज मंडळाला आहे, नगरपालिकेला तर पुढचं आणि पळून जायचं अशी दोन आहेत. पण जिच्या एका आदेशानं कबनूरमधल्या एका लहान सहकारी बँकेचं शटर अर्ध्यावर आलं, ती मुंबईत उंचावर बसते आणि तिथून कागद पाठवते. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. खिशातली कुठलीही नोट काढा, वरच छापलेलं आहे.

तो कागद लहान बँकेच्या काचेला आतून चिकटवला होता. आतून, म्हणजे कुणी फाडू नये. बँकेवर निर्बंध आले आहेत, ठराविक रकमेपलीकडे कुणालाही पैसे मिळणार नाहीत, हे सगळं ठेवीदारांच्या हितासाठी आणि वित्तीय स्थैर्यासाठी आहे, ठेवीदारांनी घाबरू नये. माझी आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, त्या काचेसमोर उभी होती. तिनं सगळं वाचलं आणि मला विचारलं, "स्थैर्य म्हणजे काय गं?"

"हलू नये असं."

"मग बरोबर हाय. माझं पैसं हालंनात."

ती हसली नाही. मागच्या रांगेतले दोघंतिघं हसले.

आत्तीचे कबनूरला चार माग होते. नवऱ्याच्या माघारी तिनं ते एकटीनं चालवले, अगदी चालेनासे होईपर्यंत. का चालेनासे झाले, हे मला विचारा, मी त्यावर भाषणं केली आहेत. परदेशात मंदी आली की तिकडच्या मध्यवर्ती बँका पैशाचे नळ सोडतात, मोठ्यांची अंगणं भिजली की महागाईच्या नावानं नळ आवळतात, व्याज वाढवतात. तिकडचा माणूस सदरा घ्यायचा थांबतो आणि इकडं कबनूरमध्ये माग थांबतो. मधल्या सगळ्या माणसांना याचं कारण इंग्रजीत कळतं. आत्तीला ते काट्यावर कळलं. तिचे माग भंगारवाल्यानं वजनावर नेले.

पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हे. तिनं कांड्या भरायची दोन मशीन घेतली. कापडाचा आडवा धागा ज्या छोट्या नळीवर गुंडाळून मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालतात ती कांडी. माग कुणाचाही असो, कांड्या लागतातच. मशीन शेजारणीच्या पडवीत बसवली होती, आणि शेजारीण पडवी रिकामी करून मागत होती. म्हणून आत्तीनं एक गाळा ठरवला, पत्र्याचा, लहानसा, पण स्वतःच्या नावावर होणारा. संचकार दिला, म्हणजे विसार. बाकीची रक्कम लहान बँकेत ठेवलेली, ती काढायची आणि दिवाळीआधी खरेदीपत्र करायचं. मग काचेवर कागद लागला.

गाळ्याचा मालक कुरुंदवाडचा जुना सूतव्यापारी. आम्ही दोघी त्याच्याकडं गेलो. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, त्याची गरजच पडली नाही. त्यानं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"बँक अडली की ठेवीवरच्या विम्याचं पैसं मिळत्यात म्हणं ठेवीदारास्नी," तो म्हणाला. "येऊ देत. थांबतो मी. तुमच्या मालकानं माझं सूत कधी बुडवलं न्हाय."

आत्तीनं परतीच्या वाटेवर गाळ्यात मशीन कुठं ठेवायची, बल्ब कुठं लावायचा हे मला सांगितलं. दारातून उजेड डाव्या हाताला आला पाहिजे, म्हणजे धागा तुटलेला लगेच दिसतो. तिला तेवढंच पाहिजे होतं, डाव्या हाताचा उजेड आणि कुणी उठवणार नाही अशी जागा.

ठेवीदारांची कृती समिती निघाली आणि पत्रक लिहायचं काम माझ्याकडं आलं. कॉलेजपासून मी पत्रकंच लिहीत आले आहे. पहिल्या ओळीनं कानाखाली वाजवायची, दुसरीत कारण, तिसरीत जागा आणि वेळ. मी लिहिलं ते असं: कर्ज वाटताना संचालकांनी पाहुणेरावळे बघितले, हे खरं. पण दरवर्षी तपासणीला येणारी वरची बँक काय बघत होती? परवा परदेशातल्या मोठमोठ्या बँका आडव्या झाल्या तर शनिवार-रविवारच्या सुट्टीत बसून तिकडच्या मध्यवर्ती बँकेनं सगळ्या ठेवीदारांना पुरं अभय दिलं. आपल्याकडंही मोठी बँक डगमगली की दुसऱ्या बँकांना हाताला धरून पैसे ओतायला लावतात. मोठी बुडायला लागली तर व्यवस्थेला धोका. लहान बुडाली तर ठेवीदारांनी घाबरू नये. एकाच आजाराला दोन वॉर्ड आणि आमच्या वॉर्डात डॉक्टर फक्त नोटीस लावायला येतो.

हे आजही मी शब्द न बदलता पुन्हा लिहीन.

त्यात मी त्या बँकेचं नाव घातलं होतं, नोटेवरचं, सगळ्यांच्या तोंडातलं. समितीचे अध्यक्ष निवृत्त मराठीचे शिक्षक होते. त्यांनी चष्मा वर केला आणि लाल पेन काढलं.

"इंग्रजी नाव कशाला? आपल्या भाषेत शब्द आहे की. मध्यवर्ती बँक."

मी म्हटलं, "सर, आपल्याकडं लोक मध्यवर्ती कशाला म्हणतात?"

कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या तोंडात मध्यवर्ती म्हणजे जिल्ह्याची सहकारी बँक. गावोगाव तिची शाखा, उसाचं बिल तिथं, दुधाचं बिल तिथं. देशाची असते ती मध्यवर्ती, हे फक्त वर्तमानपत्राच्या आतल्या पानाला माहीत आहे.

"लोकांना शिकवायचं असतं," सर म्हणाले. "वर्तमानपत्रं हाच शब्द लिहितात. भाषा जाईल अशानं."

"भाषा राहील सर, लोक चुकीच्या बँकेत जातील."

"एवढी बुद्धी लोकांना असते."

बाकीच्यांनी मान हलवली, कारण त्यातले निम्मे त्यांचे विद्यार्थी होते. एक-दोघे तर छडीच्या धाकात असल्यासारखे सरळ बसले होते. कागद छापखान्यात गेला तो असा: 'मध्यवर्ती बँकेला जाब विचारा. आमचे पैसे कुठे आहेत?' खाली संपर्क म्हणून माझं नाव.

पत्रक वाटायचं होतं संध्याकाळी. पण छापखान्यातूनच कुणी तरी त्याचा फोटो काढून मोबाइलवर सोडला, तोही फक्त वरच्या ओळीचा. सकाळी मी उचगावला घरी चहा पीत होते, तोवर आत्तीचा फोन आला.

"अगं, मध्यवर्ती बुडली म्हणं."

"कोण म्हणतंय?"

"तुझ्याच कागदात लिवलंय की."

मी स्कूटी काढली. मध्यवर्तीच्या कबनूर शाखेसमोर पोचले तेव्हा रांग पायऱ्या उतरून रस्त्यावर आली होती. सगळ्यांच्या हातात पासबुकं. एक माणूस दुधाची किटली गाडीला तशीच अडकवून रांगेत उभा होता.

मी त्याला म्हटलं, "दादा, ही बँक नव्हे. पत्रकातली ती वरची, मुंबईची."

"मग हिचं नाव कशाला घातलंसा?"

"हिचं नाही घातलं. मध्यवर्ती म्हणजे देशाची..."

"म्हणजे ही की. पाटी वाचा."

पाटीवर तो शब्द हातभर मोठ्या अक्षरात होता. मागून कुणी तरी बोललं, "मॅडम शिकल्याल्या हायत. त्यांची मध्यवर्ती येगळी असंल." रांग हसली, पण हलली नाही.

शाखाधिकारी बाहेर आले. घामाघूम, हातात माझंच पत्रक.

"ताई, आमच्या बँकेत काय झालंय?"

"काही नाही झालेलं."

"मग एवढं ह्यांना सांगा की. जरा मोठ्यानं."

मी पायरीवर चढले. मला मोठ्यानं बोलायची सवय आहे, लाज नाही. मी ओरडून सांगितलं की या बँकेला काही झालेलं नाही, तुमचे पैसे सुरक्षित आहेत, घाबरू नका. आणि माझ्या डोळ्यांदेखत चहाच्या गाड्यावरची माणसं कप खाली ठेवून रांगेत येऊन उभी राहिली.

किटलीवाला म्हणाला, "असंच लिवलंय न्हवं त्या दुसऱ्या बँकेच्या काचंवर? घाबरू नका म्हणून?"

मुंबईच्या त्या उंच इमारतीला माझा राग आहे तो नुसता आत्तीच्या पैशासाठी नाही. 'घाबरू नका' हे माणसानं माणसाला म्हणायचं साधं वाक्य. ते त्यांनी इतक्या बंद काचांवर चिकटवलं की आता कुणी खरंच म्हटलं तरी लोक पासबुक शोधतात. स्थैर्य स्थैर्य म्हणून भाषणं करतात, आणि ज्याच्यावर ते स्थैर्य उभं असतं तो शब्दच यांनी खर्चून टाकला.

त्या शाखेनं मागेल त्याला पैसे दिले. दुपारी जिल्ह्याच्या ठिकाणाहून रोकड घेऊन गाडी आली, बंदूकवाला उतरला, पेट्या उतरल्या, त्या बघूनच निम्मी रांग पांगली. काही जण सकाळी काढलेले पैसे संध्याकाळी परत भरून गेले. सरांनी मला फोन करून सांगितलं की लोकांचं भाषिक शिक्षण कमी पडतंय. मी फोन ठेवला.

मला वाटलं, झालं, निभावलं. पण कुरुंदवाडच्या मालकाची आयुष्यभराची पुंजी त्याच मध्यवर्तीच्या तिथल्या शाखेत होती. त्यानं मोबाइलवर फोटो बघितला, सकाळीच जाऊन रांग धरली, मुदत ठेव मोडली, पैसे घरी आणले. आणि दुसऱ्या दिवशी आत्तीला बोलावणं आलं.

यावेळी चहा आला नाही. संचकाराची रक्कम त्यानं रुमालात बांधून तयार ठेवली होती.

"बाई, हे परत घ्या. गाळा इकायचा न्हाय."

"विम्याचं येनार हायत की पैसं," आत्ती म्हणाली. "तुम्हीच म्हणलासा थांबतो."

"येतील. त्ये घेऊन मी ठेवू कुठं? परत बँकेतच न्हवं? मला आता नोटा नकोत. भिंती बऱ्या. भिंतीवर कोण निर्बंध लावत न्हाय."

मी मध्ये पडले. "काका, मध्यवर्ती बुडालेली नाही. अफवा होती ती."

"कुणी उठवली?"

आत्तीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"अफवा असंल," म्हातारा म्हणाला. "पर अफवेनं बी उन्हात उभं ऱ्हावं लागलं की मला. ह्या वयात पुन्हा न्हाय उभा ऱ्हायचो."

मी त्याला करार, कायदा, कोर्ट सगळं ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला की दिवाळीआधी पैसे आणा, मग कायदा बोलू. दिवाळीआधी पैसे येणार नव्हते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी मुंबईला पत्र लिहिलं. आदेश काढताना खरेदीपत्र ठरलेल्या माणसानं काय करायचं, याचा विचार कुणी केला होता का, असं विचारलं. उत्तर आलं. पत्र योग्य त्या विभागाकडं पाठवल्याचं आणि ठेवीदारांचं हित सर्वोच्च असल्याचं त्यात होतं. कुणी लिहिलं ते कळत नव्हतं. सही होती, पण ती नोटेवरच्या सहीसारखीच, माणूस न दिसणारी.

विम्याचे पैसे आले, पण शेजारणीनं पडवी रिकामी करून घेतल्यावर. तोवर कुरुंदवाडच्या मालकानं गाळा विकला नाही, पण एका ठेकेदाराला भाड्यानं दिला होता. अनामत रोख मोजणारा तोच एक होता, बाकी कबनूरची रोकड लहान बँकेच्या त्या काचेमागंच होती. ठेकेदार कांड्यांचाच धंदा करणारा. आत्तीची मशीन उघड्यावर पडली असती, ती त्यानंच घेतली, पडेल त्या भावानं. वर तिला म्हणाला, चालवायला तुम्हीच या, मजुरीवर.

ती जाते. जो गाळा तिच्या नावावर व्हायचा, त्यात तिच्याच मशीनवर बसून ती दुसऱ्याच्या कांड्या भरते. मी म्हणते, हे त्या वरच्या बँकेनं केलं. तिनं लहान बँक नीट तपासली असती तर काचेवर कागद लागला नसता, पत्रक निघालं नसतं. हे मी आत्तीला सांगितलं, वडिलांसमोर सांगितलं, समितीत सांगितलं. आत्ती म्हणाली, "त्या बँकेनं माझं पैसं अडवलं, पर दिलं. गाळा तुमच्या कागदानं गेला." मला हे मान्य नाही. तिलाही माझं मान्य नाही.

गेल्या महिन्यात आणखी एका लहान बँकेवर निर्बंध आले. मी नवं पत्रक लिहिलं. यावेळी सरांना दाखवलं नाही, नोटेवरचं नाव नोटेवर आहे तसंच लिहिलं. वाटत वाटत त्या गाळ्यापाशी आले. आत मशीनचा आवाज होता. आत्ती भिंतीकडं तोंड करून बसली होती, दारातला उजेड तिच्या उजव्या हाताला पडत होता. ठेकेदारानं मशीन उलटी बसवली आहेत.

दारावर खडूनं लिहिलं होतं, 'विडी-काडी बाहेर ठेवा'. मी उंबऱ्याशी थांबले आणि पत्रक पुढं केलं. तिनं मशीन बंद केलं नाही. धाग्यावरची नजर काढली नाही. आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, एसटी स्टँडवर, बाजारात, कुठंही.

ती म्हणाली, "पावणं, भाईरच ठेवा त्यो कागद. आत सूत हाय."