छताचा पंखा तर फिरायलाय

आज खंडेनवमी. झेंडू आणि उदबत्तीचा वास एकत्र आला, की नव्वदच्या सुमाराचा परभणीच्या ऑफिसातला आमचा पहिला कॉम्प्युटर आठवतो. चालू असतानाच आम्ही त्याला हार घातला होता. गरम हवा बाहेर टाकणारी मागची जाळी पार झाकली गेली. स्क्रीन काळी झाली, आपोआप उजळली, पुन्हा काळी.

"लाईट लय नखरे करायलीय," हेडक्लार्क म्हणाले.

"साहेब, छताचा पंखा तर फिरायलाय," मी म्हणाले. "जळका वासही यायलाय."

"आरती होऊ द्या, मग बघू."

आरतीतच फट्कन आवाज झाला. पॉवर सप्लाय जळाला.

मघाशी आमचे हे बोलता बोलता गप्प झाले, मग पुन्हा बोलू लागले. "ऊन लागलं," म्हणाले. सकाळपासून ते घराबाहेर पडलेलेच नाहीत.

आरती राहू दे. दवाखान्यात जायला मी ऑटो बोलावलाय.